पाण्यासकट वजन

पहिल्यांदा तिला त्याचे फक्त बूट दिसले.

बर्फाच्या कारखान्यातल्या त्या लांबलचक टाकीवरच्या चार फळ्या कोणीतरी काढून ठेवल्या होत्या. त्या भोकात डोकं आणि खांदे घालून एक माणूस पालथा पडला होता, आणि बाहेर उरले होते ते दोन ओले, जाड तळव्यांचे बूट. हातात नमुन्याची बाटली घेऊन ती थांबली. टाकीतल्या खाऱ्या पाण्याचा नमुना रोज सकाळी घ्यायचा, हे तिचं काम. आणि नमुना घ्यायची जागा नेमकी त्या बुटांनी अडवलेली.

"अहो बूट," ती म्हणाली, "जरा सरकता का?"

असं काही बोलायचं तिच्या मनात नव्हतं. पण पहाटेपासून उभं असलेल्या माणसाचं तोंड कधीकधी मनाला न विचारताच उघडतं.

"बूट सरकतील हो," आतून घुमल्यासारखा आवाज आला, "पण मग बाकीचा मी टाकीत जाईन. आधी तो पाना द्या. तुमच्या पायाशी आहे."

तिनं पाना उचलून त्याच्या हातात दिला.

"हा नाही, मोठा."

"न बघता कसं कळलं?"

"पहिल्यांदा सगळे लहानच देतात."

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या भुवयांवर पांढरी बुरशी आल्यासारखा बर्फ बसला होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं... नीट पाहिलं. मग बर्फाचा एक रिकामा डबा पालथा घातला, त्यावर पोत्याची घडी ठेवली आणि म्हणाला, "बसा."

आता यात काय एवढं, असं कोणीही म्हणेल. पण तिला आठवेना, आपल्याला शेवटचं 'बसा' कोण म्हणालं होतं. लोक तिला 'जरा हे बघता का' म्हणायचे, 'तेवढं करून जा' म्हणायचे. ती बसली. आणि बसल्यावर तिला कळलं की आपले पाय किती दुखताहेत.

कामगार तिला मिठाची बाई म्हणायचे. खरं तर ती कारखान्याची केमिस्ट. पण टाकीतलं मीठ मोजणं हेच तिचं मुख्य काम, म्हणून मिठाची बाई. त्या टाकीत खारं पाणी असायचं, शून्याच्या कितीतरी खाली, तरीही न गोठलेलं. त्यात गोड्या पाण्याचे डबे बुडवून ठेवले की डब्यांतल्या पाण्याच्या लाद्या व्हायच्या. मीठ कमी पडलं तर खारं पाणीच गोठायला लागणार आणि कारखाना बसणार. त्यामुळे तिची बोटं बारा महिने मिठानं भेगाळलेली आणि डोकं बारा महिने आकड्यांनी भरलेलं.

तो यंत्रांच्या कंपनीकडून आलेला मिस्तरी. जिथे टाकी गळेल, नळी फुटेल तिथे कंपनी त्याला पाठवायची. काम झालं की पुढचं गाव. आल्या दिवशीच त्याचं नाव 'गळतीवाले' पडलं, आणि त्यानं ते हसत घेतलं.

"जुन्या मिठानं तुमच्या नळ्या पार खाल्ल्यात," तो म्हणाला. "मी नळ्या बदलतो. पण मीठही बदलावं लागेल. कॅल्शियमचं घाला, ते नळ्यांना कमी त्रास देतं. किती घालायचं ते तुम्ही सांगा. मला तेवढं डोकं नाही."

"मलाही आज नाहीये," ती म्हणाली. "उद्या सांगते."

तिच्या दमण्याला घर होतं, आणि त्या घरात दोन म्हाताऱ्या होत्या. एक आई, एक मावशी. आईचे गुडघे गेलेले, मावशीचे कान. दोघींच्या जिभा मात्र ठणठणीत. सकाळी पंख्याच्या वेगावरून सुरू झालेलं भांडण रात्री दिवा कोणी मालवायचा यावर संपायचं. दोघींची औषधं, दोघींचं पाणी, दोघींचे रुसवे उरकून ती कामावर यायची, आणि परत गेली की त्या दिवसभराच्या तक्रारी घेऊन दारातच बसलेल्या असायच्या. कारखान्यात फोन करायचा नाही, घराला आग लागली तरच, अशी तिनं सक्त ताकीद दिली होती. तिच्या लाडक्या होत्या त्या. पण लाडानं पाय दुखायचे थांबत नाहीत.

तिला बघायला दोन जण येऊन गेले होते. पहिला म्हणाला, "आईचं समजू शकतो हो, पण मावशीसुद्धा?" दुसरा जास्त सभ्य. त्यानं चहा पूर्ण प्यायला, मग हळूच विचारलं, "या दोघी साधारण किती वर्षं..." आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. तेव्हापासून कोणी घरची चौकशी केली की ती मिठाची गुळणी धरायची.

गळतीवाल्यानंही विचारलंच, दुसऱ्या दिवशी, तिच्या टेबलाशी उभं राहून. "घरी कोण असतं?"

"मी असते."

"आणखी?"

"हे माप धरा जरा," ती म्हणाली, आणि त्यानं माप धरलं.

मग तिनं हिशेब मांडला. तो स्टूल ओढून शेजारी बसला होता. त्याच्या शर्टाला वंगणाचा वास येत होता, आणि त्याची कोपरं टेबलावर अशी टेकली होती की तिच्या कागदाला धक्का लागू नये.

"किती पोती लागतील, तेवढंच सांगा ना," तो म्हणाला.

"पोती मोजून उपयोग नाही. कण मोजायचे असतात."

"एकेक?"

"मोलात. अंडी डझनात मोजतो तसं. फक्त हे डझन एवढं मोठं आहे की एकेक मोजायला बसलात तर आयुष्य पुरणार नाही."

"तुमच्या शेजारी बसून मोजायचं असेल तर... माझी तयारी आहे."

पेन्सिल थांबली. तिनं मान वर केली नाही. पण कान लाल झाले, ते लपवायला कागद पुरत नव्हता.

"साधं मीठ पाण्यात पडलं की एकाचे दोन कण सुटे होतात," ती भराभर बोलू लागली. "हे नवीन मीठ पडलं की एकाचे तीन. पाण्याला गोठू न देणं हे त्या सुट्या कणांचं काम. कण कोणाचे आहेत याच्याशी पाण्याला देणंघेणं नाही, किती आहेत तेवढं ते बघतं. या मिठाचा एक मोल म्हणजे एकशे अकरा ग्रॅम. आपल्याला लिटरमागे दोन मोल हवेत, म्हणजे दोनशे बावीस ग्रॅम. दोन मोल मिठाचे सहा मोल कण झाले. हजार लिटरला दोनशे बावीस किलो मीठ, आणि कण सहा हजार मोल. टाकी वीस हजार लिटरची..."

"म्हणजे पन्नास किलोची एकोणनव्वद पोती," तो म्हणाला.

"डोकं नाही म्हणत होतात ना?"

"पोत्यांपुरतं आहे." त्यानं कागदाचं उडणारं टोक बोटानं दाबून धरलं. "तुम्ही आकडे सांगता ना, ते ऐकत राहावंसं वाटतं. माणूस शांत होतो."

"झोप येते म्हणा की सरळ."

"येते. पण चांगली येते."

ती हसली. खळखळून वगैरे नाही, तेवढी ताकद नव्हती, पण हसली. त्या टेबलानं ते हसू बऱ्याच दिवसांनी ऐकलं असेल.

पुढचे दिवस नळ्या बदलण्यात गेले. तो टाकीत डोकं घालून काम करायचा, ती नमुने घ्यायला यायची, आणि ती येण्याआधीच डबा पालथा होऊन त्यावर पोतं आलेलं असायचं. कधी त्यावर दोन मिनिटं बसून ती नुसती त्याच्या पान्याचा आवाज ऐकायची. दुपारच्या चहाच्या सुमारास कॉम्प्रेसरजवळच्या भिंतीवरचा जुना फोन वाजायचा, आणि गळतीवाले हातातलं टाकून धावायचे.

"कोणाचा होता?" ती विचारायची.

"राँग नंबर," तो म्हणायचा.

"रोज?"

"काही लोकांना सवय असते हो."

मीठ विरघळवायचा दिवस आला. मोठ्या ड्रममध्ये नळाचं पाणी, त्यात मिठाच्या पांढऱ्या पापड्या, आणि लाकडी वल्ह्यानं ढवळायचं. हे मीठ विरघळताना तापतं, हे तिनं त्याला सांगून ठेवलं होतं. त्यानं हातमोजे काढून ड्रमच्या पत्र्याला तळवे लावले.

"या, शेका हात," तो म्हणाला. "फुकटची शेगडी आहे."

तिनंही तळवे टेकले. तिच्या भेगाळलेल्या बोटांत ती ऊब हळूहळू चढत गेली.

"पुस्तकात तर लिहिलंय, हात ठेववत नाही इतकं तापतं," ती म्हणाली. "हे नुसतं कोमट आहे. असं कसं?"

"कोमट बरं की. हात ठेवता येतो."

आता इथे तिनं थांबायला हवं होतं. मीठ हवं तेवढं तापत नाही म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, हे केमिस्टला कळायला नको? पण ड्रमच्या त्याच पत्र्यावर, बोटभर अंतरावर, त्याचे हात होते. त्या बोटभर अंतरापुढे तिचं सगळं रसायनशास्त्र मुकाट्यानं बाजूला होऊन बसलं. तो नेहमीसारखा हसत नव्हता.

"कंपनीनं मला पक्की नोकरी देऊ केलीय," तो ड्रमकडे बघत म्हणाला. "बंदरावरच्या शीतगृहात. इथून तीन तास. शनिवारपर्यंत कळवायचंय. इतकी वर्षं या खोलीतून त्या खोलीत राहून... आता एकट्यानं राहायचं जिवावर येतं. मी म्हणत होतो, तुम्ही—"

"जमणार नाही," ती म्हणाली.

"मी अजून विचारलंच नाही."

"तरी जमणार नाही."

त्यानं वल्हं उचलून ड्रम पुन्हा एकदा ढवळला. कारण विचारलं नाही, रागावला नाही. त्याचं काही न विचारणंच तिला फार लागलं. तिच्या जिभेच्या टोकावर सगळं आलं होतं... त्या दोघी, ते जिने, ती औषधं, चहा पिऊन गेलेला तो सभ्य माणूस. पण सांगितलं असतं आणि याच्याही डोळ्यांत तोच हिशेब दिसला असता तर? या माणसाचं तसं तोंड तिला बघायचं नव्हतं. आपणच आधी नाही म्हटलं की निदान तेवढं तरी वाचतं.

"बरं," शेवटी तो म्हणाला. "ड्रम गार होईपर्यंत तरी थांबा."

ती थांबली. मग ड्रम गार झाला.

आणि दोन दिवसांत टाकीनं दगा दिला. नव्या नळ्यांवर बर्फाचा चिखल साठू लागला, पंप कण्हू लागला. लाद्या निघाल्या त्या मधून पोकळ. मासळीवाले दारात उभं राहून ओरडू लागले की आम्ही पोकळीचे पैसे देणार नाही. मालक टाकीवर येऊन कंबरेवर हात ठेवून उभे राहिले.

"मीठ मोजून घातलं होतं ना?"

"हो. सगळी पोती माझ्यासमोर फोडली."

"मग? की या गळतीवाल्यांना जाऊच द्यायचं नाही म्हणून हात आखडता घेतलात?"

मालक आपल्या विनोदावर स्वतःच हसले. बाकी कोणी हसलं नाही. गळतीवाले मुकाट्यानं पाना घेऊन पुन्हा टाकीच्या भोकाशी पालथे झाले, आणि ती तिच्या खोलीत येऊन हिशेब तपासत बसली. दोनदा तपासला, तिसऱ्यांदा तपासला. एकशे अकरा दुणे दोनशे बावीस, दोन त्रिक सहा. हिशेब धुतल्या तांदळासारखा स्वच्छ होता, आणि टाकी गोठत होती. तिनं डोकं टेबलावर टेकलं. उठायची इच्छाच नव्हती. बाहेर शुक्रवारची दुपार कलायला लागली होती; शनिवारी तो कळवणार, आणि मग टाकी चालो न चालो, त्याच्या जागी दुसरा कोणीतरी येणार. त्या दुसऱ्याला डबा पालथा घालायचं सुचणार नव्हतं.

टेबलावर टेकलेल्या डोळ्यांसमोरच मिठाची वाटी होती. पांढऱ्या, कोरड्या, खडखडीत पापड्या. कोमट, तिला आठवलं. ड्रम नुसता कोमट झाला होता.

ती उठली. काचेच्या नळीत चार ग्रॅम मीठ घेतलं आणि ज्योतीवर धरलं. आधी काहीच झालं नाही. मग नळीच्या वरच्या थंड भागात आतून धुकं धरलं, आणि त्या कोरड्या खडखडीत मिठातून निघालेलं पाणी थेंबाथेंबानं काचेवरून ओघळू लागलं. थेंब थांबेपर्यंत तिनं नळी तापवली, गार केली, वजन केलं. चारचे तीन ग्रॅम उरले होते.

"अगं बाई," ती त्या रिकाम्या खोलीत म्हणाली.

टाकीपाशी आली तेव्हा फळ्या उघड्या होत्या आणि भोकातून दोन बूट बाहेर होते. डबा पालथा होता. त्यावर पोत्याची घडीही होती, 'जमणार नाही' म्हटल्यानंतरसुद्धा. ती बसली.

"अहो बूट," ती म्हणाली. "ऐका. बाहेर येऊ नका, नाहीतर मला बोलता येणार नाही."

बूट स्थिर झाले.

"चूक माझी आहे. ते मीठ कोरडं नव्हतंच. त्याच्या प्रत्येक मोलाला पाण्याचे दोन मोल चिकटून आलेत. दिसत नाहीत, हाताला लागत नाहीत, पण वजनात असतात. मी एकशे अकरा धरले, खरं वजन एकशे सत्तेचाळीस आहे. म्हणून हजार लिटरला सहा हजार मोल कण हवे होते तिथे साडेचार हजारच पडले. मीठ समजून आपण पाणीच मोजून घातलं. अजून एकोणतीस पोती लागतील."

"बरं," बूट म्हणाले.

"थांबा, अजून संपलं नाही." तिनं श्वास घेतला. "तुम्ही विचारलं होतंत, घरी कोण असतं. मी म्हटलं, मी असते. तेही वजन चुकीचंच सांगितलं मी. माझ्याबरोबरही दोघी आहेत. आई आणि मावशी. एकीला चालवत नाही, एकीला ऐकू येत नाही, आणि दोघींना एकमेकींशिवाय करमत नाही. त्यांना सोडून मी कुठे जाणार नाही. आणि त्यांच्यासकट मला... कोणी नेत नाही. म्हणून नाही म्हटलं. तुम्ही आवडत नाही म्हणून नाही. तुम्ही तर..." तिचा आवाज दमला. "तुम्ही आवडता. फार आवडता. झालं माझं बोलून."

बूट हलले नाहीत. डाव्या बुटाचं टोक तेवढं जरासं थरथरलं. आणि तेवढ्यात कॉम्प्रेसरजवळचा फोन वाजला.

"राहू द्या!" टाकीतून आवाज आला. "मी घेतो! राँग नंबर असेल—"

पाठोपाठ डोकं आपटल्याचा आवाज आला. ती तोवर फोनपाशी पोचली होती. तिनं रिसीव्हर उचलला, आणि 'हॅलो' म्हणायच्या आत पलीकडून, बहिऱ्या माणसाच्या ठणठणीत आवाजात, सुरू झालं.

"काय हो गळतीवाले, विचारलंत का तिला परत? की नुसतं मीठच ढवळताय? अहो, नाही म्हणाली म्हणून हातपाय गाळू नका. ती चहालासुद्धा आधी नाहीच म्हणते. आणि त्या शीतगृहाजवळची खोली तळमजल्यावरचीच बघा हं, माझ्या बहिणीला जिने होत नाहीत."

"खिडकी!" मागून आईचा आवाज आला. "खिडकी रस्त्याकडे हवी म्हणावं!"

"हो गं, सांगतेय ना! खिडकी रस्त्याकडे हवी, दिवसभर बघायला काहीतरी लागतं आम्हाला. हॅलो? आहात ना?"

तिनं वळून पाहिलं. तो फळ्यांवर गुडघे टेकून बसला होता, भुवयांवर बर्फ आणि कपाळावर टेंगूळ घेऊन.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"आलो त्याच आठवड्यापासून. आधी एकमेकींच्या तक्रारी सांगायला करायच्या. तिला सांगू नका म्हणाल्या, ती ओरडते."

"आणि तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत."

"तुमच्याकडून ऐकायचं होतं." तो ओशाळून म्हणाला. "म्हटलं, सांगाल. घरी कोण असतं विचारून बघितलं, तर तुम्ही माप धरायला लावलंत. परवा ड्रमपाशी तर पूर्ण वाक्य पाठ करून आलो होतो. 'मी म्हणत होतो, तुम्ही तिघी माझ्याबरोबर याल का.' तुम्ही ते 'तुम्ही'वरच तोडलंत."

तिला राग यायला हवा होता, आणि थोडा आलाही; पण तो धरून ठेवायला लागणारी ताकद नेमकी त्याच वेळी सरली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते येऊ दिलं.

"तिथेही टाकी आहे," तो हळूच म्हणाला. "मीठ मोजणारं कोणी नाहीये."

"हॅलो!" रिसीव्हर ओरडत होता. "अहो, बोला की काहीतरी! काय म्हणाली ती?"

तिनं रिसीव्हर तोंडाशी नेला. "मावशी," ती जोरात म्हणाली, "मी बोलतेय."

पलीकडे एकदम शांतता झाली. मग मावशी अत्यंत सभ्य आवाजात म्हणाली, "राँग नंबर," आणि फोन ठेवून दिला.

तिनंही रिसीव्हर जागेवर ठेवला, परत आली आणि पोत्याच्या घडीवर बसली. टाकी अजून कण्हत होती. एकोणतीस पोती मागवायची होती, फोडायची होती, विरघळवायची होती, आणि मालकांना सगळं समजावून सांगायचं होतं.

"खिडकी रस्त्याकडे हवी म्हणे," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली.

त्याला कळायला एक क्षण लागला. मग त्याच्या भुवयांवरचा बर्फ हलला. "बघून ठेवलीय," तो म्हणाला. "तळमजला आहे. समोर बसथांबा आहे, दिवसभर माणसं असतात."

"मावशी घोरते."

"आईंनी सांगितलंय."

"आईला पहाटे तीनला चहा लागतो."

"ते मावशींनी सांगितलंय."

"मग मी काय सांगू आता?"

"काही नका सांगू," तो म्हणाला. "बसा जरा."

"तुम्हीपण बसा," ती म्हणाली.

हे त्यालाही बहुधा बऱ्याच वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं. त्यानं दुसरा डबा शोधला, पालथा घातला, तिच्या डब्याशेजारी ओढून आणला आणि बसला. टाकीचं काय ते उद्या बघू, असं दोघांपैकी कोणीतरी म्हणालं, आणि दुसऱ्यानं मान हलवली.